स्वयंसेवकाचं वर्ष: निधी, भजन आणि गावकी एकत्र सांभाळायची असेल तर आधी काय, मग काय

दरवर्षी जूनमध्ये आमच्या संस्थेकडं चार-पाच पोरंपोरी स्वयंसेवक म्हणून वर्षभरासाठी येतात. सांगली जिल्ह्यात पलूस, वाळवा, मिरज तालुक्यातल्या गावांत राहतात, ऊसतोड कामगारांच्या मुलांची अभ्यासिका चालवतात, जोडीला संस्थेसाठी निधी गोळा करतात, आणि गाणं येत असेल तर गावातल्या भजनी मंडळात नाहीतर समूहगानाच्या ग्रुपमध्ये बसतात. आणि दरवर्षी दिवाळीच्या आसपास त्यातल्या निम्म्यांचा फोन येतो, ताई सगळं एकदम अंगावर आलंय. मी स्वतः हे वर्ष केलंय, माझंही असंच झालं होतं, आणि आता इतकी वर्षं बघून मला खात्री आहे की मेहनत कुणाचीच कमी पडत नाही, क्रम चुकतो. सगळेजण आधी निधीचं टार्गेट मांडतात, मग उरलेल्या वेळात भजन घालतात, आणि गावकी, म्हणजे गावातले सण-कार्यक्रम आणि जाणंयेणं, जमेल तेव्हा. हे बरोबर उलटं करायचंय. गावाच्या तारखा तुम्हाला हलवता येत नाहीत म्हणून त्या आधी, भजनाची वेळ मंडळ ठरवतं म्हणून ती दुसरी, आणि निधी हा एकटाच असा आहे की जो तुम्ही पुढंमागं करू शकता, म्हणून तो शेवटी, उरलेल्या फटींमध्ये. खाली त्याच क्रमानं लिहिलंय.

## टप्पा १: गावात पाय ठेवायच्या आधी

बॅग भरायच्या आधी संस्थेकडून एवढं हातात घ्या. तुमच्या नावाचं, गावाचं नाव घातलेलं पत्र (सही-शिक्क्यासकट). फोटोचं ओळखपत्र. अनुक्रमांक छापलेलं पावती पुस्तक, कार्बन कॉपीवालं. आणि संस्थेच्या बँक खात्याचा क्यूआर कोड, लॅमिनेट करून.

त्या क्यूआरबद्दल जरा थांबून सांगते कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. पोरं म्हणतात, ताई संस्थेचा कोड यायला वेळ लागतोय तोवर माझ्या नंबरवर घेतो आणि नंतर ट्रान्सफर करतो. नाही, एक रुपया पण नाही. पैसे देणाऱ्याला स्कॅन केल्यावर तुमचं नाव दिसलं की संध्याकाळपर्यंत ते कट्ट्यावर पोचलेलं असतं, आणि तुम्ही कितीही प्रामाणिक असा, पुढचे अकरा महिने तुम्ही "ती स्वतःच्या खात्यावर पैसे घेणारी" असता.

कागदाच्या चार गोष्टी संस्थेला विचारून घ्या, उत्तरं वहीत लिहा:

- संस्था धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेली आहे का, नोंदणी क्रमांक काय. नोंदणी नसलेल्या गटाला लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी काढावी लागते, गणेश मंडळं काढतात तीच.
- ८०जी (देणगीदाराला आयकरात मिळणारी सवलत) आहे का. असेल तर हे पाठ करा: २००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ती सवलत मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइनच लागतं, आणि ज्यानं नवीन करप्रणाली घेतलीय त्याला तशीही मिळत नाही. देणगीदाराचा पॅन त्याच वेळी पावतीवर लिहून घ्या. वर्ष संपल्यावर संस्था ही माहिती आयकर खात्याला भरते आणि मगच देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. मे महिन्यात चाळीस जणांना फोन करून पॅन मागत बसायचं काम मी केलंय, तुम्ही करू नका.
- परदेशातून पैसे घेता येतात का. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या मामांनी पाठवायचे तर संस्थेकडं एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) पाहिजे. भारतीय पासपोर्टवरच दुबईत नोकरी करणारा भाऊ स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ते परदेशी देणगीत मोडत नाही.
- जमलेली रोकड किती दिवसांत बँकेत भरायची. संस्था काहीही म्हणो, तुम्ही लगेच पुढच्या कामाच्या दिवशी भरा.

तपासा: पावती पुस्तकाची पहिली आणि शेवटची पावती उघडून अनुक्रमांक बघा, मधली पानं सलग आहेत का बघा, आणि पुस्तक मिळाल्याची सही तारखेसकट संस्थेच्या रजिस्टरला करा.

## टप्पा २: पहिले तीन आठवडे, पैशाचा शब्द काढायचा नाही

तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे. एखादा स्वतःहून म्हणाला की द्यायचे काय पैसे, तरी "असू दे अण्णा, आधी काम बघा आमचं" म्हणायचं.

या दिवसांत फक्त भेटायचं. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, शाळेचे हेडमास्तर, अंगणवाडीताई, आशाताई, विकास सोसायटीचे सचिव, दूध डेअरीवरचा माणूस. यातला दूध डेअरीवाला सगळ्यात महत्त्वाचा, कारण सकाळ-संध्याकाळ दूध घालायला प्रत्येक घरातलं कुणीतरी तिथं येतंच, तुम्ही पंधरा दिवस संध्याकाळी अर्धा तास तिथं नुसतं उभं राहिलात तरी अर्धं गाव तुम्हाला ओळखायला लागतं. घरमालकीणबाईंनाही सांगून ठेवा की तुम्ही रात्री भजनाला जाणार, उशीर होणार. न सांगता साडेदहाला दार वाजवलं की पहिल्याच महिन्यात कुरबुर सुरू होते.

चहाला नाही म्हणू नका, पण "अर्धाच" म्हणायला शिका, सांगलीकडं एका सकाळी सहा घरं केली की सहा चहा होतात.

इथं चूक होते: गावात दोन गट असतात, कधी तीन. पहिल्या आठवड्यात जो सगळ्यात जास्त आपुलकीनं वागतो, गाडीवर मागं बसवून गाव दाखवतो, त्याच्याच घरी रोज जेवायला जाऊ लागलात तर दुसऱ्या गटानं तुम्हाला कायमचं त्याच्या खात्यावर टाकलं म्हणून समजा. दोन्हीकडं जा, मोजून जा.

## टप्पा ३: कॅलेंडर मांडणं, गाव आधी

एक मोठं भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, तिथी छापलेलं. आधीच्या वर्षीच्या स्वयंसेवकाचं कॅलेंडर कॉपी करू नका, ही चूक इतक्या वेळा बघितलीय की सांगायची सोय नाही. २०२५ ला आषाढी एकादशी ६ जुलैला होती, २०२६ ला ज्येष्ठ अधिक असल्यामुळं ती थेट २५ जुलैला, गणपती २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरला. इंग्रजी तारखा उतरवल्या की सगळं वर्ष तीन आठवड्यांनी चुकतं.

मग गावातल्या एखाद्या जाणत्या आजीजवळ किंवा पुजाऱ्यांजवळ बसा आणि विचारून लाल पेननं भरा: ग्रामदैवताची जत्रा, हरिनाम सप्ताह, बेंदूर (बैलांचा सण, आणि कुठला ते विचारा, काही गावं ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर करतात, काही आषाढात महाराष्ट्रीय), गणपती, नवरात्र, आठवडी बाजाराचा वार, ग्रामसभा (२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास असतात). हे दिवस गावाचे. यात तुमचं काम म्हणजे हजर राहणं, पाट्या उचलणं, पंगतीत वाढणं.

त्यानंतर निळ्या पेननं पैशाचं हवामान भरा. हे कुणीच भरत नाही आणि मग म्हणतात की लोक देत नाहीत. लोक देतात, तुम्ही चुकीच्या महिन्यात जाता.

जून म्हणजे शाळेच्या वह्या-पुस्तकं, पेरणी, खिसा रिकामा. जुलै-ऑगस्ट पाऊस आणि कृष्णाकाठी पुराची धाकधूक. ऑक्टोबरला द्राक्षवाल्यांची फळछाटणी, त्याच्यामागं औषधं, मजुरी, सगळा खर्च बाहेर जातो आणि उत्पन्न शून्य, अशा वेळी तासगाव बाजूच्या बागायतदाराकडं पावती पुस्तक घेऊन जाणं म्हणजे त्याला आणि स्वतःला दोघांना अवघडवणं. उसाचं बिल कायद्यानं ऊस कारखान्याला घातल्यापासून १४ दिवसांत मिळायला पाहिजे, पण कारखान्यावर अवलंबून उशीर होतो, तेव्हा "बिल जमा झालं काय" हे डेअरीवर कानावर येईपर्यंत थांबा. मार्चअखेर सोसायटीच्या पीककर्जाचा भरणा असतो, शेतकऱ्याला त्या पंधरवड्यात अजिबात विचारू नका. सांगली-मिरजेतल्या नोकरदारांचं मात्र उलटं, दिवाळीच्या आधी बोनस आणि मार्चमध्ये कराची घाई, ती माणसं तेव्हाच देतात.

म्हणजे शेतकऱ्यांसाठी साधारण जानेवारी-फेब्रुवारी, शहरातल्यांसाठी दिवाळी आणि मार्च. बस, एवढंच.

आता खरी अडचण. साखर कारखान्यांचा सीझन सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, त्यांची पालं (तात्पुरत्या झोपड्या) पडतात, आणि अभ्यासिकेचं मुख्य काम नोव्हेंबर ते मार्च असतं. निधीचा चांगला काळ आणि कामाचा भर एकाच वेळी. यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसलाय: सप्टेंबरमध्ये, गणपती झाल्यावर, फक्त शब्द घेऊन ठेवायचा. "आबा, आत्ता काही नको, बिल झालं की जानेवारीत दहा पोरांच्या वह्यांचं तुमच्याकडं धरू काय?" आबा हो म्हणाले की वहीत नाव, रक्कम, महिना. जानेवारीत मग नवीन ओळख काढावी लागत नाही, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी फिरून ठरलेले पैसे आणायचे. समोरच्यालाही बरं पडतं, त्याला कुणी कोपऱ्यात धरल्यासारखं वाटत नाही.

तपासा: कॅलेंडरवर लाल आणि निळं भरून झाल्यावरही एखाद्या महिन्यात तुम्ही निधीचे आठपेक्षा जास्त दिवस धरलेत का? धरले असतील तर कमी करा.

## टप्पा ४: भजनात शिरायचं कसं

तुम्हाला गाता येतं हे पहिल्या दिवशी सांगू नका. मागं बसा, टाळ घ्या, आणि दोन-तीन वेळा नुसता ताल धरा. प्रत्येक मंडळाचा क्रम असतो, जय जय रामकृष्ण हरी, रूपाचे अभंग, मग पुढचे, गवळण कधी, शेवटाला भैरवी, आणि कोण कुठला अभंग म्हणतो हेही ठरलेलं असतं, वर्षानुवर्षं. एखाद्या तात्यांचा ठरलेला अभंग तुम्ही उत्साहानं उचललात तर कुणी काही बोलणार नाही, पण पुढच्या वेळी तुमच्या हातात टाळ यायला उशीर होईल. बुवांना, म्हणजे मंडळाचं भजन चालवणाऱ्यांना, विचारा, "बुवा, मी कुठला म्हणू?" ते सांगतील तो म्हणा.

आधी ठरवून घ्या की तुम्ही किती देणार. पुरुषांचं भजन रात्री, धारा-जेवणं झाल्यावर, साडेआठ-नऊला. बायकांचं मंडळ बहुतेक दुपारी. पोरी दोन्हीकडं हो म्हणतात आणि मग दुपार पण जाते आणि रात्र पण. एक मंडळ निवडा. महिन्याच्या दोन एकादश्या आणि आठवड्याचा एक ठरलेला वार, एवढं नक्की द्या आणि ते काहीही झालं तरी मोडू नका. जास्त कबूल करून गैरहजर राहण्यापेक्षा कमी कबूल केलेलं गाव कितीतरी जास्त मानतं.

काकड्याचं वेगळं सांगते. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर पहाटे काकडा, आणि नेमकं तेव्हाच टोळ्या यायला लागतात. महिनाभर पहाटे चारला उठून दिवसभर पालांवर फिरून रात्री अभ्यासिका, असं करणारी एक मुलगी आमच्याकडं विसाव्या दिवशी तापानं आडवी झाली होती. पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि मधले रविवार असं सांगून टाका. सांगितलं की कुणाला राग येत नाही.

### मिक्स ग्रुप असेल तर पट्टी

२६ जानेवारी, १५ ऑगस्टला शाळेत किंवा संस्थेच्या कार्यक्रमाला बायका-पुरुष एकत्र समूहगीत बसवायचं काम हमखास तुमच्याकडं येतं. पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला 'सा' धरून गायचं ती. बायकांचा आवाज साधारण काळी चार-काळी पाचला मोकळा लागतो, पुरुषांचा काळी एक ते काळी दोन. पेटीवाला पुरुष असला तर तो सवयीनं काळी एक धरतो आणि बायका एकतर खाली गुणगुणत राहतात नाहीतर वर किंचाळतात. पांढरी चार धरून बघा. दोघांनाही थोडी तडजोड आहे, पण गाणं एका सप्तकाच्या फार बाहेर जाणारं नसेल तर निभतं. वर तार गंधार-मध्यमापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ग-म पर्यंत) जाणारी चाल असेल तर ती ओळ फक्त बायकांना द्या आणि खर्जातली, म्हणजे खालच्या सुरांतली, पुरुषांना. पट्टी पहिल्या तालमीलाच वहीत लिहा, कार्यक्रमाच्या दिवशी "मागच्या वेळी कुठली घेतलेली?" हा प्रश्न यायला नको.

आणि आवाजाचं: दारोदार बोलून घसा बसतो. चार तास निधीसाठी फिरलात की रात्री सूर लागत नाही, म्हणजे लागतच नाही. म्हणून हा नियम पक्का करा, ज्या दिवशी भजन त्या दिवशी निधीला बाहेर पडायचं नाही. याचं दुसरं कारण आवाजापेक्षा मोठं आहे, ते पुढं.

## टप्पा ५: निधी, आणि भजनाचं ताट

माझ्या वर्षात मी एक चूक केली ती सविस्तर सांगते कारण तीच चूक दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी करतंच. एका एकादशीला भजन रंगलं होतं, देवळात माणसंही भरपूर, आरती झाली, आणि मला वाटलं हीच वेळ. उभी राहिले आणि पालांवरच्या मुलांच्या वह्यांबद्दल पाच मिनिटं बोलले. लोकांनी दिले, दहा, वीस, एका काकींनी पन्नास. मी खूश. पुढच्या एकादशीला निम्मी माणसं आली नाहीत. बुवा काही बोलले नाहीत. शेवटी शेजारच्या आजींनी अंगणात शेंगा फोडता फोडता सांगितलं, "पोरी, देवळात माणूस मोकळ्या हातानं येतंय. तिथं तू हात पसरलास. आता येतानं पैसं घिऊन यावं लागंल म्हणून बायका येईनात." मी बुवांच्या घरी जाऊन माफी मागितली, जमलेले पैसे मंडळाला विचारून मगच वह्यांना वापरले, आणि पुढचे तीन महिने भजनाच्या आसपास निधीचा न पण काढला नाही. माणसं परत आली, पण वेळ लागला.

तर नियम असा: आरतीच्या ताटातलं सगळं मंडळाचं. भजनाला आलेल्या माणसाला त्या जागी, त्या रात्री विचारायचं नाही. द्यायचंच असेल कुणाला तर "उद्या घरी येते काकी" म्हणायचं आणि खरंच जायचं.

घरी जाताना हा क्रम ठेवा:

1. दोघांनी जा, त्यातला एक गावातला असला तर उत्तम.
2. दुपारी बारा ते चार कुणाच्या दारात जाऊ नका. संध्याकाळी धारांच्या आधी किंवा जेवणानंतर थोडा वेळ.
3. आधी चौकशी, मग काम काय चाललंय ते दोन वाक्यांत, मग नेमकी गोष्ट मागा. "काहीतरी मदत करा" याला लोक अकरा रुपये देतात. "एका मुलाचं वर्षाचं वह्या-पेन" म्हणून रक्कम सांगितली की माणूस विचार करतो.
4. पैसे समोर मोजा, पावती तिथंच फाडा, रक्कम अक्षरी लिहा. चुकलेली पावती फाडून टाकू नका, दोन्ही प्रतींवर "रद्द" लिहून पुस्तकातच ठेवा.
5. धान्य, जुनी सायकल, कपडे दिले तर त्याचीही नोंद वेगळ्या वहीत, सहीसकट.
6. घरी आल्यावर, चप्पल काढायच्या आधी म्हटलं तरी चालेल, रोख आणि पावत्यांची बेरीज जुळवा.

सावध: निवडणूक जवळ असली की मोठी रक्कम स्वतःहून चालत येते, सोबत बॅनरवर फोटो पाहिजे असतो. संस्थेला फोन करा, तुम्ही एकट्यानं हो म्हणू नका. आणि आचारसंहिता लागलेली असताना कुठल्याही पुढाऱ्याच्या हस्ते वाटप ठेवू नका, निकाल लागल्यावर ठेवा.

### गाण्याचा कार्यक्रम करून निधी उभारायचा असेल तर

हा मोह प्रत्येकाला होतो. सांगलीत भावे नाट्यमंदिर, दीनानाथ नाट्यगृह, मिरजेत बालगंधर्व नाट्यगृह, जागा आहेत, गाणं ऐकणारी माणसं पण आहेत. पण आधी कागदावर खर्च लिहा: हॉल, साउंड, वादकांचं मानधन, छपाई, चहा, गाड्या. मग समजा ३०० तिकिटं १०० रुपयांनी गेली तर ३०,००० येतात, त्यातले २२,००० खर्चात गेले तर तुमच्या ग्रुपनं दीड महिना तालमी करून ८,००० मिळवले. तेवढे दोन चांगल्या घरी जाऊन मिळाले असते. माझा ठोकताळा: खर्च जमेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा वर जात असेल तर कार्यक्रम निधीसाठी करू नका. आनंदासाठी करा, जरूर करा, पण मग तिकीट लावू नका.

करायचाच ठरला तर दहावी-बारावीच्या परीक्षांचा काळ, म्हणजे फेब्रुवारी-मार्च, टाळा. स्पीकर उघड्यावर लावणार असाल तर पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावा लागतो, तेव्हा सातला सुरू करायचं म्हणजे सातलाच, पाहुण्यांच्या सत्कारात पाऊण तास गेला की शेवटची गाणी कापावी लागतात आणि ज्या बायकांनी महिनाभर तालीम केली त्यांचंच गाणं राहतं.

## टप्पा ६: आठवड्याची घडी

माझ्याकडं येणाऱ्यांना मी हीच घडी देते, पुढं आपापल्या गावाप्रमाणं बदलतात. सोमवार ते शुक्रवार मुख्य काम. भजनाची एक रात्र. निधीच्या जास्तीत जास्त दोन संध्याकाळी, आणि त्याही फक्त ज्या महिन्यात निधी धरलाय त्या महिन्यात. एक संध्याकाळ कशालाच द्यायची नाही, ती गावाची, कुणाच्या तरी ओट्यावर बसायची, मिरच्या निवडू लागायच्या. आणि एक दिवस पूर्ण सुट्टी, त्या दिवशी गावात थांबलात तर सुट्टी होत नाही, एसटी धरा आणि सांगलीला या, कृष्णेच्या घाटावर बसा, भडंग खा, पण गावात थांबू नका.

बाकी आमंत्रणं. वास्तुशांती, बारसं, जावळ, हळद, लग्न, वाढदिवस. मेच्या लग्नसराईत एका दिवशी तीन-तीन येतात. अक्षता टाकून निघालं तरी चालतं, पण ज्या घरी काम करणारी माणसं कमी आहेत तिथं आदल्या रात्री जाऊन भाजी चिरून या, लग्नाला नाही गेलात तरी ती आठवण राहते. नाही म्हणायचं असेल तर कारण खरं सांगा आणि लगेच दुसरा दिवस द्या, "आज अभ्यासिका आहे वहिनी, गुरुवारी येऊन जाते." आणि गुरुवारी जा.

मयत असेल तर मात्र सगळं बाजूला. कॅलेंडर, निधी, तालीम सगळं. तिथं जायचं, गप बसायचं, पाणी भरायचं. त्या रात्री मंडळ भजनाला बसलं तर बसायचं. त्या घराचं नाव निधीच्या यादीतून निदान तीन महिने काढून ठेवा, शब्द दिलेला असला तरी. ते स्वतः काढतील विषय तर काढतील.

## टप्पा ७: पाऊस वाढला तर

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी रोज बघायची सवय लावा. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ३५ च्या पुढं चढायला लागलं की नेहमीचा निधी बंद, तालमी बंद, पावती पुस्तक आणि वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर.

पुराच्या मदतीसाठी लोक पैसे देतात ते वेगळ्या पावती पुस्तकावर घ्या, वेगळा हिशोब ठेवा. वह्यांचे पैसे पुराला आणि पुराचे वह्यांना असं एकदा झालं की ते कुणालाच उलगडत नाही. आलेले कपडे न बघता वाटू नका, फाटके बाजूला काढा. चादरी, सतरंज्या, साबण, बायकांसाठी पॅड, नवीन आतले कपडे, हे विचारून आणा.

## टप्पा ८: हिशोब सांगणं आणि निघणं

हिशोब वर्षाअखेरीस सांगायचा असं समजू नका. दर तीन महिन्यांनी एका कागदावर जमा, खर्च, शिल्लक मोठ्या अक्षरात लिहून अभ्यासिकेच्या दारावर लावा, आणि सरपंचांना विचारून १ मेच्या ग्रामसभेत दोन मिनिटं वाचून दाखवा. देणाऱ्यांची नावं लावायची का? मी लावत नाही. वीस रुपये देणाऱ्या बाईचं नाव पाच हजारवाल्याच्या खाली लागलं की पुढच्या वर्षी ती देत नाही.

शेवटच्या महिन्यात नवीन देणगी घेऊ नका, कुणी द्यायला आलं तर नवीन येणाऱ्याशी गाठ घालून द्या. पावती पुस्तक, उरलेल्या कोऱ्या पावत्या मोजून, सही घेऊन परत करा. शब्दांची वही, म्हणजे कुणी काय द्यायचं कबूल केलंय ती, स्वच्छ उतरवून द्या. कॅलेंडर देताना तारखा खोडून तिथी ठेवा.

भजनात तुमच्या जागी कोण ते मंडळ ठरवेल, तुम्ही नवीन मुलाला ओढून पुढं बसवू नका, त्यालाही मागंच बसू दे. नव्या माणसाला घेऊन मात्र एक पूर्ण दिवस गाव फिरा, दोन्ही गटांच्या घरी, डेअरीवर, बुवांकडं, आणि कुठल्या घरात नुकतंच दुःख झालंय, कुठली काकी कमी ऐकते म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं, कोणत्या आबांकडं सकाळी जायचं नाही, हे चालता चालता तोंडी सांगा. हे वहीत लिहू नका, वही कुणाच्याही हातात पडते. टाळ मंडळाचे असतील तर पुसून, दोऱ्या बदलून, बुवांच्या हातात द्या.